जुन्या जीपचं वायरिंग नव्यानं करताना: नवशिक्यांसाठी

नागपूर आणि आसपासच्या भागात जुन्या जीपा अजून पुष्कळ धावतात. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत महिंद्राच्या ५४०, ५५०, मेजर, कमांडर दिसतात. जंगलाच्या वाटेवर जिप्सी दिसतात. जबलपूरला वाहन कारखान्यात तयार झालेली आणि पुढं फौजेच्या लिलावातून आलेली एखादी जोंगाही कुणाच्या तरी अंगणात उभी असते. या गाड्यांचं इंजिन, गिअरबॉक्स, चेसिस दणकट असतात. आधी दगा देतं ते वायरिंग. तीस वर्षांत किती हातांनी त्यात किती जोड मारले, याची कुणी नोंद ठेवलेली नसते.

मल्टिमीटर कधी हातात न धरलेल्या, पण शिकायची तयारी असलेल्या माणसासाठी हे लिहितोय. जुनी जीप शिकायला उत्तम. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल जीपला सुरू करायला वीज लागते, एकदा सुरू झाली की इंजिन चालायला जवळजवळ लागतच नाही. बऱ्याच गाड्यांत तर बंद करायलाही दांडी ओढायची असते. म्हणून तुमच्या हातून काही चुकलं तरी गाडीचा मेंदू जळत नाही, कारण तिला तो नाहीच. कार्बोरेटरवाली जिप्सीही मेंदू नसलेल्या याच गटातली. एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पेट्रोल फवारणारी जिप्सी मात्र वेगळी. तिच्यातल्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या तारांना नवख्यानं हात लावू नये. दिवे, हॉर्न, मागचं वायरिंग तेवढं करावं.

संपूर्ण बदलायचं की थोडंच?

बॉनेट उघडा आणि एखादी तार बोटांत धरून हलकेच वाकवा. आवरण कडक झालं असेल, तडे जात असतील, तर उन्हानं आणि इंजिनच्या आचेनं तिचं आयुष्य संपवलंय. टोकाकडचं आवरण थोडं सोला. तांबं लाल-पिवळं चमकलं तर ठीक. काळं किंवा हिरवट निघालं तर ती तार आतून खात चाललीय. डॅशबोर्डखाली वाकून बघा. घरच्या फिटिंगच्या तारा, काळ्या टेपमध्ये गुंडाळलेले जोड, फ्यूजच्या जागी पिळलेली तांब्याची तार दिसली, तर वेळ घालवू नका. फ्यूजच्या जागी तार असलेली गाडी चालवणं म्हणजे आगीची वाट बघणं.

लूम, म्हणजे गाडीतल्या तारांचा बांधलेला जुडगा, सहसा तीन भागांत असतो: बॉनेटखालचा, डॅशबोर्डचा आणि चेसिसवरून मागं जाणारा. एकेक भाग करत गेलात तर गाडी महिनाभर जॅकवर अडकत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्यानं मागच्या भागापासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. त्यात तारा मोजक्या असतात: पार्किंग, ब्रेक, दोन इंडिकेटर, रिव्हर्स, डिझेलच्या काट्याची एक आणि अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडं परत नेणारी तार. हात बसला की पुढं सरका.

तयार लूम मिळतो आणि चांगला असेल तर तोच घ्यावा. दुकानात जाताना फक्त "५४० चा लूम द्या" म्हणू नका. मॉडेल, साल, इंजिन कुठलं, डायनामो आहे की आल्टरनेटर, हीटर प्लग (डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तापवणारे) थेट स्विचवर आहेत की रिलेवर (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), हे सांगा. या गाड्यांची इंजिनं बदललेली असतात, तेव्हा आरसी बुकात काय लिहिलंय यापेक्षा बॉनेटखाली काय बसलंय ते महत्त्वाचं. फौजेतून आलेली गाडी असेल तर आधी बॅटरीची मांडणी बघा. त्यांतल्या काही २४ व्होल्टच्या असतात आणि १२ व्होल्टचं सामान त्यात जोडलं की जळतं.

कधी आणि कुठं

मे महिन्यात हे काम काढू नका. पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडखाली डोकं चालत नाही, आणि टेपचा डिंक वितळून हाताला लागतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यांत चांगला. सफारीची गाडी असेल तर पावसाळ्यात ताडोबा-पेंचचा कोअर बंद असतो तेव्हा वेळ मिळतो, पण मग छप्पर आणि कोरडी जमीन दोन्ही हवं. गाडीशेजारी सात-आठ हात मोकळी जागा ठेवा. जुना लूम तिथं पसरायचाय.

सामान फार लागत नाही. डिजिटल मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, तार सोलायचा कटर, चांगला क्रिम्पिंग प्लायर (थिंबल दाबायचा), हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), कापडी टेप, नालीदार पाइप, रबरी ग्रोमेट, पितळी थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायचं टोक) आणि पिना. क्रिम्पिंगच्या प्लायरवर पैसे वाचवू नका. साध्या पकडीनं दाबलेली थिंबल आज घट्ट वाटते आणि सहा महिन्यांनी सैल होते. आणि एक अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवा, भरलेला.

काढण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, निगेटिव्ह सर्वांत शेवटी. कारण सोपं आहे. सगळी बॉडी निगेटिव्ह असते, आणि निगेटिव्ह जोडलेली असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट.

आता फोटो काढा. भरपूर काढा, पण फोटोवर विसंबू नका. काळ्या तारांच्या फोटोत काहीही कळत नाही. प्रत्येक तार काढण्याआधी तिच्या टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी बांधा आणि आकडा लिहा. वहीत त्याच आकड्यापुढं लिहा: कुठून निघाली, कुठं गेली, मूळ रंग कोणता. "इग्निशन स्विचची डावी पिन" असं लिहू नका. डावी म्हणजे मागून की पुढून, हे आठवड्यानं आठवत नाही. पिनेवर अक्षर कोरलेलं असतं, ते लिहा. आल्टरनेटरवर, रिलेवर, स्विचवर अशी अक्षरं-आकडे असतातच. धूळ पुसली की दिसतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: जुना लूम कापून काढू नका. वेळ लागतो, क्लिपा गंजलेल्या असतात, फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या) भोकातून कपलर (तारांचा प्लग) निघत नाही आणि कटर हाताशी असतो. तरीही नाही. तो अखंड निघाला तर तुमच्या हातात तुमच्याच गाडीचा नकाशा येतो: कुठं किती लांबी, कुठं फाटा, कुठल्या फाट्यात किती तारा. पुस्तकातली आकृती कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते. तुमच्या जीपचं तीस वर्षांचं आयुष्य या लूममध्येच आहे. कुणीतरी मध्येच बसवलेला फॉग लॅम्पचा स्विच, कधीतरी बदललेला हॉर्न, सगळं त्यातच सापडतं.

तो जमिनीवर किंवा जुन्या प्लायवूडवर पसरा, फाट्यांच्या जागी खिळे ठोका आणि खडूनं बाह्यरेषा काढा. नवा लूम याच खिळ्यांवर बांधायचा. प्रत्येक टोकाला वीतभर तार जास्त ठेवा. जास्तीची कापता येते, कमी पडलेली ताणून चालत नाही. मागं जाणाऱ्या लूममध्ये एकदोन रिकाम्या ताराही ओढून ठेवा. पुढं कॅम्पचा दिवा किंवा ट्रेलरचा सॉकेट लावावासा वाटला तर पुन्हा सगळं सोडावं लागत नाही.

कुठली तार, किती जाड

घरच्या वायरिंगची तार गाडीत वापरू नका. नेहमीच्या पीव्हीसी घरगुती तारेचं आवरण ७० अंशांपर्यंतचं असतं. इंजिनजवळ नागपुरी उन्हाळ्यात ते मऊ पडायला वेळ लागत नाही. गाडीसाठीच्या ऑटो केबलचं आवरण १०५ अंशांपर्यंतचं मिळतं, पातळ असतं, आणि तेल-डिझेल सोसतं.

जाडीचा हिशोब करायला शिका, तो अवघड नाही. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. ६०/५५ वॅटचे दोन हेडलाइट बल्ब अप्परला मिळून १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून ४ मीटरवर १० अँपिअर नेले तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. अडीचच्या तारेत हाच खर्च पाव व्होल्टच्या थोडा वर येतो. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटेल, पण हॅलोजन बल्ब याबाबतीत फार नाजूक. १३ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर उजेड जवळजवळ चौथ्या हिश्शानं कमी होतो. जुन्या जीपचे दिवे मिणमिणते असतात याचं कारण बहुतेकदा बल्ब नसून तार, स्विच आणि अर्थ हे असतं.

साधारण अंदाज असा ठेवा. पार्किंग, मीटरचे दिवे, इंडिकेटर, ब्रेक: १ चौरस मिमी. हॉर्न आणि वायपर: दीड ते अडीच. हेडलाइट: अडीच. आल्टरनेटर ते बॅटरी: १०. सेल्फची (स्टार्टर मोटरची) केबल पेट्रोलला निदान ३५ आणि डिझेलला ५०. हीटर प्लगना चारांना मिळून ४० अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात, तेव्हा तिथं ६ पेक्षा बारीक तार नको, १० असेल तर उत्तम.

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, हे डोक्यात पक्कं बसू द्या. तारेला जेवढं झेपतं त्यापेक्षा मोठा फ्यूज कधी लावायचा नाही, "उडतो म्हणून" तर मुळीच नाही. काचेचे जुने फ्यूज काढून पात्याचे, म्हणजे ब्लेड फ्यूज असलेला बॉक्स घ्या. रंग पाठ होतात: तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. प्रत्येक कामाला वेगळा फ्यूज द्या. जुन्या जीपांत दोन-तीन फ्यूजवर सगळी गाडी असते. एक इंडिकेटर शॉर्ट झाला की हॉर्न आणि वायपरही जातात, आणि हे नेमकं घाटात, पावसात होतं.

रिले आणि अँपिअर मीटर

जुन्या पद्धतीत हेडलाइटची सगळी वीज स्विचमधून जाते, आणि काही गाड्यांत तिथून पायानं दाबायच्या अप्पर-लोअरच्या स्विचमधून, म्हणजे डिपरमधून. तो डिपर पायापाशी, चिखलात. तिथंच उजेड मरतो. अप्परला एक आणि लोअरला एक असे दोन रिले लावा. रिलेच्या पिना सगळीकडे सारख्याच: ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी तार, ८७ वरून दिव्याकडं, ८५ आणि ८६ मध्ये आतली कॉइल. जुन्या स्विचची तार ८६ ला आणि अर्थ ८५ ला द्या. आता स्विचमधून जेमतेम कॉइलपुरता करंट जातो आणि स्विच वर्षानुवर्षं टिकतो. हॉर्नलाही असाच रिले द्या.

डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असेल तर त्याकडं नीट बघा. आल्टरनेटरची सगळी वीज जाड तारेनं आत येते, मीटरमधून जाते आणि पुन्हा बाहेर पडते. मीटरच्या मागचा नट सैल झाला की तिथं ठिणग्या उडतात, तेही तुमच्या गुडघ्यासमोर. हे मीटर शोभेला राहू द्या, पण आल्टरनेटरची तार मोठ्या फ्यूजमधून थेट बॅटरीकडं न्या आणि शेजारी छोटा व्होल्टमीटर बसवा. त्यातून जास्त कळतं.

जोड, बांधणी, वाट

जोड सोल्डर करू की क्रिम्प, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जीपसाठी क्रिम्प. सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो, आणि खडबडीत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तार बरोबर त्या काडीच्या टोकाशी तुटते. नीट दाबलेली थिंबल ओढून बघा. निसटली तर ती आत्ता निसटलेलीच बरी. वरून हीट श्रिंक चढवा.

काळी पीव्हीसी टेप पूर्ण लूमला गुंडाळू नका. दोन उन्हाळ्यांत डिंक बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि सगळं चिकट काळं होतं. तारा जागोजाग कापडी टेपनं बांधा आणि वरून नालीदार पाइप घाला. लूम वीतभर अंतरावर क्लिपनं धरा. प्लॅस्टिकचे टाय काळेच घ्या, पांढरे उन्हात ठिसूळ होतात. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट हवाच. पत्र्याची धार पाइप कापते आणि मग तार.

वाट ठरवताना सायलेन्सर आणि एक्झॉस्टपासून लांब रहा, डिझेल-पेट्रोलच्या नळीला लूम बांधू नका, आणि स्टीअरिंग पूर्ण फिरवून, गाडी जॅकवर उचलून लीफ स्प्रिंग खाली सोडून बघा. कुठं ताण येतो ते तेव्हाच कळतं. कपलरकडं येणारी तार थोडी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलावरून गळून जातं. सेल्फच्या जाड केबलला फ्यूज नसतो, तेव्हा तिची वाट सगळ्यांत काळजीनं ठरवा. तिच्यावर दुहेरी पाइप घातला तरी हरकत नाही.

अर्थ

या भागावर मी जास्त वेळ घेतोय, कारण जुन्या जीपच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, अप्पर दिला की डिझेलचा काटा हलतो, मागचा दिवा गाडी उडाली की लागतो. लोक बल्ब बदलतात, फ्लॅशर बदलतात. अमरावती रोडवरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं वाक्य मला कायम आठवतं: "बल्ब कायले बदलून राहिले भाऊ तुम्ही? आधी अर्थ पहा ना."

वीज बल्बपर्यंत तारेनं जाते आणि बॅटरीकडं बॉडीतून परतते. ही परतीची वाट रंगानं, गंजानं बंद झाली की वीज दुसरी वाट शोधते आणि शेजारच्या बल्बमधून निघते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे त्याला स्वतःची अर्थ पट्टी हवी. ती तुटलेली असेल तर सेल्फ मारताना शेकडो अँपिअर अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून परत जातात. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दुसरीकडं शोधू नका.

तेव्हा तीन जाड अर्थ द्या: बॅटरी ते चेसिस, इंजिन ते चेसिस, बॉडी ते चेसिस. जागा पॉलिश पेपरनं घासून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. मागच्या दिव्यांना बॉडीच्या भरवशावर सोडू नका, लूममधूनच वेगळी अर्थ तार न्या. ही एक जादा तार तुमचा सगळ्यांत जास्त त्रास वाचवते.

बॅटरी जोडण्याआधी

सगळे फ्यूज काढा, सगळे स्विच बंद करा. मल्टिमीटर सातत्य तपासण्यावर, म्हणजे बीपवर ठेवा आणि वहीतला एकेक आकडा घेऊन तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. मग अर्थ सोडून प्रत्येक तार आणि बॉडी यांच्यात बीप येत नाही ना ते बघा. बल्ब काढून बघा, नाहीतर बल्बच्या तारेतून बीप येणारच.

मग सिरीज बल्ब. २१ वॅटचा साधा इंडिकेटरचा बल्ब घ्या. बॅटरीची पॉझिटिव्ह जोडा, आणि निगेटिव्ह थेट न जोडता बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि केबलच्या मध्ये हा बल्ब लावा. कुठं शॉर्ट असला तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर वीज जाणार नाही, तार जळणार नाही. सगळं बंद असताना बल्ब विझलेला हवा. आता एकेक फ्यूज लावा. एखादा लावताच बल्ब लख्ख पेटला, तर दोष त्याच वाटेवर आहे, पुढं जाऊ नका. पार्किंगचा स्विच दिल्यावर बल्ब मंद पेटला तर ते बरोबर आहे, कारण दिव्यांचा करंट त्यातून जातोय. हीटर प्लग आणि सेल्फ मात्र या बल्बवर तपासता येत नाहीत. बाकी सगळं पार पडल्यावर बल्ब काढून निगेटिव्ह जोडा आणि मग ते बघा.

गाडी सुरू झाली की बॅटरीवर व्होल्ट मोजा. १३.८ ते १४.४ मिळाले तर चार्जिंग ठीक. आल्टरनेटरवाल्या गाडीची बॅटरी इंजिन चालू असताना कधीही काढू नका, डायोड जातात. मग हेडलाइट लावून बॅटरीवर आणि बल्बच्या कपलरवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर पॉझिटिव्हची आणि अर्थची बाजू वेगवेगळी मोजा, दोषी जोड लगेच हाती लागतो.

गाडी रस्त्यावर आल्यावर

खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण १५ वर्षांनी आणि पुढं दर ५ वर्षांनी करावं लागतं. एमएच ३१ असो, ४० असो की ४९, तपासणीला जाण्याआधी दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न आणि वायपर एकदा कुणाला तरी मागं-पुढं उभं करून बघा.

उंदरांचं काय, हेही नेहमी विचारलं जातं. उभ्या गाडीत ते येतात, विशेषतः धान्याच्या गोदामाजवळ किंवा शेतावर. बंद नालीदार पाइप, टोकं टेपनं बुजवलेली, आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडणं. यापलीकडं खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

पहिले चारशे-पाचशे किलोमीटर शहराजवळच फिरा. रामटेक, उमरेड, काटोलला जाऊन या. मग सगळे अर्थचे बोल्ट आणि बॅटरीच्या केबली पुन्हा आवळा, हादऱ्यांनी त्या बसतात. फ्यूज बॉक्सला हात लावून बघा. एखादी पिन कोमट लागली तर तिथली थिंबल नव्यानं दाबा. वहीतली आकृती साफ हातानं काढा, तुम्ही वापरलेल्या रंगांसकट. एक प्रत घरी ठेवा आणि एक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये, जादा फ्यूज, एक रिले, दोन मीटर तार आणि टेस्ट लॅम्पसोबत.